गौरीच्या नाकाचा सॉक्रेटिस

भोरमध्ये नागसेन रणपिसे यांना लोक तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'यवन'. नागसेनरावांना दोन्ही ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, दुसरंच जास्त आवडत होतं. पंचायत समितीत तेहतीस वर्षं टिपण्या लिहिल्या की कुणीही साहेब होतो. यवन व्हायला मात्र डोकं फिरावं लागतं, असं ते स्वतःच म्हणत.

डोकं फिरवलं ते वडिलांनी, तेही नकळत. मिलिंद नावाचा एक ग्रीक राजा होता, प्रश्न विचारून भल्याभल्यांची बोलती बंद करायचा, आणि त्याला पुरून उरला तो भिक्खू नागसेन, ही गोष्ट वडील विहारात सांगायचे आणि सांगताना पोराच्या डोक्यावर हात ठेवायचे. पोराने त्यातून सोयीचा अर्थ काढला की ग्रीक लोक आपल्या ओळखीतले. पुढे कळलं, कार्ल्याच्या लेण्यात खांब दान देणाऱ्यांत यवनही, म्हणजे ग्रीकच, होते. मग तर ओळखीचं नातंच झालं.

साठी उलटेपर्यंत या नात्यापायी घरात नऊ पांढरी मुंडकी गोळा झाली होती. सगळी ग्रीकांची, प्लास्टरची, बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारातली. शिवाय बावीस नाणी होती. त्यातली दोन खरी असावीत असा नागसेनरावांचा अंदाज होता, आणि ती दोन कुठली हे मात्र रोज बदलत असे. अंगणात ऑलिव्हचं रोप तीनदा लावून तीनदा वाळलं होतं. एकदा त्यांनी बाटलीतली ऑलिव्ह आणून महिनाभर भाकरीबरोबर खाल्ली आणि काय चव आहे, काय चव आहे, असं म्हणत राहिले. औषधात बुडवलेल्या बोरांसारखी लागतात हे त्यांनी बाटली संपल्यावर कबूल केलं. ग्रीकांनी जगाला लोकशाही दिली, हे ते जेवताना हटकून सांगत. त्यांच्या घरात मात्र बायकोचं, मायाबाईंचं, राज्य होतं आणि तिथे मतदान नव्हतं.

या सगळ्यात एकच गोष्ट राहून गेली होती. भोरात त्यांचं कौतुक करणारे होते, चेष्टा करणारे तर पुष्कळच होते, पण ज्याला त्यातलं कळतं अशा एकाही माणसाने आजवर "रणपिसे, तुम्हाला यातलं कळतं हो," असं म्हटलं नव्हतं. आयुष्यात एकदा, निदान एकदा, हे ऐकायचं होतं. कुणासमोर ते बोलून दाखवत नसत, कारण बोलून दाखवलं की किती केविलवाणं वाटतं ते त्यांनी आरशासमोर करून पाहिलं होतं.

असं म्हणू शकणारी माणसं पुण्यात होती. 'यवनविद्या मंडळ' असं भारदस्त नाव घेऊन दहाबारा निवृत्त मंडळी दरवर्षी प्रदर्शन भरवत. आठ वर्षं नागसेनराव त्यांना पत्रं लिहीत होते. आठव्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष इंद्रजित यांचं उत्तर आलं. त्यांचं पानशेतला सुट्टीतलं घर होतं. श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी तिथून वेल्ह्यामार्गे भोरला येऊन संग्रह बघू, पसंत पडला तर यंदाच्या प्रदर्शनात घेऊ, असं त्यांनी कळवलं. नागसेनरावांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा मायाबाईंना वाचून दाखवलं.

आणि रविवारला बारा दिवस असताना सॉक्रेटिसचं नाक गेलं. मायाबाईंच्या माहेराहून, पासलीहून, तांदळाचं पोतं आलं होतं. ते टेम्पोवाल्याने भिंतीला टेकवलं, पोतं कललं आणि खालच्या फळीवरच्या सॉक्रेटिसवर जाऊन बसलं. अथेन्सच्या लोकांनी त्याला विष पाजलं तेव्हासुद्धा त्याचं नाक शाबूत होतं, असं नागसेनराव कपाळाला हात लावून म्हणाले.

"किकवीला रतनबाईंकडे न्या," मायाबाई म्हणाल्या. "गणपतीची सोंड तुटली तर त्या जोडून देतात, कुठं जोडलीय ते कळतसुद्धा नाही. हे तर नुसतं नाक आहे."

रतनबाई कुंभार पंचाहत्तरीला आल्या होत्या. गणपती आता त्या थोडेच करत, पण गौरीचे मुखवटे त्यांच्याच हातचे हवेत म्हणून बायका दोन-दोन महिने आधी सांगून ठेवत. नागसेनराव सॉक्रेटिसला मायाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने किकवीला गेले. शेजारच्या माणसाने बाळ किती महिन्यांचं आहे म्हणून विचारलं. रतनबाईंनी मूर्ती हातात घेऊन फिरवून पाहिली.

"ह्यो देव कंचा म्हनायचा, सायेब?"

"देव नाही, मावशी. माणूस होता. रस्त्यात लोकांना थांबवून प्रश्न विचारायचा."

"आन् लोकांनी सोडलं का मारलं त्येला?"

"मारलं."

"मारनारच की," रतनबाई म्हणाल्या. "नीट करून ठिवते. सोमवारच्या सोमवारी न्या."

सोमवारी नागसेनराव गेले तर पडवीत पाटावर एक गव्हाळ रंगाचा, भरघोस दाढीचा गृहस्थ बसला होता. दाढी काळीभोर, मधूनमधून एकेक पांढरा केस अलगद ओढलेला. ओठ लाल. अंगावरची शाल मोरपंखी, तिला सोनेरी काठ. नाक सरळ, धारदार, चाफेकळी. आणि डोळे असे टपोरे आणि जिते, की नागसेनराव दारातून खांबाकडे सरकले तर तेही बरोबर सरकले.

"मावशी, हे काय करून ठेवलंत?"

"पुरं केलं की. कुनी अर्ध्यावर टाकलं व्हतं काय जाने. रंग न्हाई, डोळं न्हाई. कच्ची मूर्त आजवर म्या कुनाच्या हातात दिली न्हाई."

"अहो, ती पुरीच होती! पांढरीच असते ती! हजारो वर्षं पांढरीच आहे!"

"आन् आंधळी?" रतनबाईंना खरंच नवल वाटलं. "तुमीच म्हनला, प्रश्न इचारायचा. म्होरं कोन हाय ते बघितल्याबिगर इचारंल कसा?"

एरवी या वाक्यावर नागसेनराव महिनाभर खूश राहिले असते. पण रविवार सहा दिवसांवर आला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं त्यांच्या मनात आलं, आणि तोंडातून जे आलं ते फार वाईट आलं. "वाट लावलीत," ते म्हणाले. "तुमच्या हातात द्यायलाच नको होतं. पुसून टाका सगळं."

रतनबाई म्हणाल्या, "रंग पुसंन. पर उघडल्यालं डोळं पुसत न्हाईत, सायेब. त्येवढं म्या न्हाई करायची." त्यांनी समोरच्या वाटीतले कुंचले उचलले, पाण्यात धुतले, पदराला पुसले आणि डब्यात घालून झाकण लावलं. नागसेनरावांनी सॉक्रेटिसला लुगड्यात गुंडाळलं, तोंडावरून दोन पदर जास्तच घेतले, आणि एसटी पकडली. घरी आल्यावर त्याला स्वयंपाकघरात, तांदळाच्या त्याच पोत्यामागे दडवून वर चादर टाकली.

रविवारी मंडळी आली. इंद्रजित उंच, गोरे, दोनदा ग्रीसला जाऊन आलेले. बोलताना 'आमच्या अथेन्सला' असं म्हणायचे. बरोबर चार ज्येष्ठ सभासद आणि शेफाली नावाची तिशीतली एक संशोधक होती, जी मूर्तींवरच अभ्यास करत होती. नागसेनरावांनी आठ मुंडकी टेबलावर मांडली होती. इंद्रजितांनी एकेकासमोर उभं राहून "छान," असं म्हटलं. ते कसलं छान आहे हे नागसेनरावांना बरोबर कळलं. तालुक्याला आलेल्या साहेबांना कुणी नातवाचं चित्र दाखवलं की साहेब असंच छान म्हणतात. नाणी बघताना तर ते तेवढंही म्हणाले नाहीत.

तेवढ्यात हात धुवायला आत गेलेली शेफाली मोठ्याने ओरडली, "सर, इकडे या! सगळे या!"

नागसेनराव आत पोचेपर्यंत चादर खाली पडली होती आणि पोत्यामागून सॉक्रेटिस सगळ्यांकडे बघत होता. संपलं, असं नागसेनरावांना वाटलं. आठ वर्षांची पत्रं गेली पाण्यात.

"हे तुम्ही केलंत?" शेफाली म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "सर, बघा ना! आपण सगळे पांढऱ्या मूर्तींच्या प्रेमात असतो, पण ग्रीकांच्या मूर्ती रंगवलेल्याच असायच्या. अशाच भडक. डोळ्यांसकट. रंग काळाच्या ओघात उडाले, आणि आपल्याला वाटलं त्यांना पांढरंच आवडायचं. मी पाच वर्षं हेच सांगतेय. आणि इथे भोरमध्ये या गृहस्थांनी करूनच दाखवलं!"

इंद्रजितांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "मुद्दाम केलंत?"

मायाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. नागसेनरावांना खरं बोलायला फक्त 'चुकून' हा तीन अक्षरी शब्द लागला असता. पण त्यांच्या तोंडून निघालं, "थोडा अभ्यास केला होता. लोकांना रुचेल की नाही, म्हणून जरा आत ठेवला."

"रणपिसे," इंद्रजित म्हणाले, "तुम्हाला यातलं कळतं हो."

जन्मभर ज्या वाक्यासाठी जीव टाकला ते वाक्य असं पोत्याशेजारी मिळालं. नागसेनरावांच्या अंगावर काटा आला. तो आनंदाचा होता असंच त्यांनी धरलं.

"नाक मात्र चुकलंय," शेफाली वाकून बघत म्हणाली. "सॉक्रेटिस नकटा होता. हे नाक कुठून आलं?"

"ते कारागिरामुळे झालं," नागसेनराव म्हणाले. "खेड्यातली माणसं. कितीही सांगितलं तरी त्यांना कळत नाही."

मायाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. नवऱ्यापुढे कप ठेवताना तो बशीत सांडला, आणि तो पुसायला त्या थांबल्या नाहीत. मंडळी सॉक्रेटिसला मोटारीत घालून, पट्टा लावून घेऊन गेली. गाडी वळल्यावर मायाबाई म्हणाल्या, "खेड्यातली माणसं म्हणजे कुठली हो? किकवीची, का पासलीचीसुद्धा?"

"अगं, बोलण्याच्या ओघात—"

"आणि त्या तुमच्या नावाच्या भिक्खूंनी राजाला असंच उत्तर दिलं होतं का?"

मिलिंद राजालाही एवढ्या कमी शब्दांत कुणी गप्प केलं नसेल.

आठ दिवसांनी पुण्याहून पाकीट आलं. आत प्रदर्शनात मूर्तीसमोर ठेवायचं जाड, सुबक कार्ड होतं, नजरेखालून घालण्यासाठी पाठवलेलं. त्यावर छापलं होतं: 'सॉक्रेटिस. प्राचीन पद्धतीचं रंगकाम आणि डोळे : नागसेन रणपिसे, भोर.' सोबत इंद्रजितांची चिठ्ठी होती, की रंग कसे निवडले, कसे लावले, यावर उद्घाटनाला पंधरा मिनिटं बोला. पंधरा मिनिटं! रंगाविषयी नागसेनरावांना एवढंच माहीत होतं की दाराला लावलेला तेलरंग वाळेपर्यंत हात लावू नये. कार्ड सदऱ्याच्या खिशात घालून ते पुन्हा किकवीच्या एसटीत बसले. मनातला सॉक्रेटिस कपूरहोळपर्यंत त्यांना एकच प्रश्न विचारत होता, की माफी मागायला चाललायस का माहिती काढायला? त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

रतनबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. मागे फळीवर गौरीचे वीसबावीस मुखवटे ओळीने मांडले होते. गाल गुलाबी, ओठ रंगलेले, कुंकू लावलेलं, आणि डोळ्यांच्या जागी सगळ्यांना कोरं. गौरी तीन आठवड्यांवर आल्या होत्या.

"मावशी, हे अजून राहिलेत?"

"हात न्हाई लागत," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "डोळं काढाया बसलं की तुमचं बोलनं ध्यानात येतं. वाट लावली म्हनून. मंग वाटतं, डोळं आपलंच गेल्यात, आपल्याला दिसंना झालंय. सून म्हंती, द्या सोडून. पर न्हाई सुटत."

नागसेनरावांना त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की पडवीची पायरी चढवेना. ते पायरीवरच बसले. "मावशी, मी चुकलो," ते म्हणाले. "पुण्याची जाणती माणसं आली होती. तुमचं काम बघून त्यांनी तोंडात बोट घातलं. म्हणाली, अस्सल आहे. त्या काळात मूर्ती अशाच रंगवायचे."

"मंग तुमाला ठावं न्हवतं व्हय? तुमी तर समदं वाचता."

"नव्हतं ठाऊक."

रतनबाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. "आन् नाक? नाकाला काय म्हनली?"

"नाक कुठून आणलंत?"

"त्येचं नाक म्या कुठं बघितलं व्हतं? गौरीच्या साच्यातलं काढलं आन् चिकटिवलं. बाईचं हाय, पर शोभलं त्येला." त्यांना जरा हसू आलं. मग त्यांची नजर खिशातून डोकावणाऱ्या कार्डावर गेली. "त्ये काय?"

"तुमच्या कामासमोर पुण्यात ठेवणार आहेत ते. नाव असतं त्यावर."

"वाचा की."

रतनबाईंना वाचता येत नाही, हे नागसेनरावांना माहीत होतं. त्यांनी कार्ड हातात धरलं आणि घसा साफ करून वाचलं, "सॉक्रेटिस. प्राचीन पद्धतीचं रंगकाम आणि डोळे : रतनबाई कुंभार, किकवी."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. दुसऱ्यांदा खोटं सोपं गेलं, हे त्यांच्या लक्षात आलं. रतनबाईंनी हात पुढे केला, कार्ड घेतलं, पदराला पुसलं आणि आरशाच्या चौकटीत खोचलं. मग तांदळाचं सूप बाजूला सारलं, हातपाय धुवून आल्या, दिवा लावला आणि डब्याचं झाकण काढलं. डोळे उघडताना त्या कुणाशी बोलत नसत. पहिला मुखवटा मांडीवर घेऊन त्यांनी कुंचला टेकवला.

कार्ड कसं परत मागावं, या विचारात नागसेनराव बसले असतानाच साडेचारची एसटी आली आणि तिच्यातून सुलक्षणा उतरली. ही रतनबाईंची सून, अंगणवाडीत सेविका होती. सासूच्या हातात कुंचला बघून ती दारातच थबकली. तिचे डोळे भरून आले. रतनबाईंनी एक डोळा पुरा केला आणि मगच बोलल्या.

"सुलक्षणा, आरशात बघ काय हाय त्ये. म्हाजं नाव हाय त्यावर. सायबांनी वाचलं. रंगकाम आनि डोळं, असं हाय न्हवं? तू बी वाच."

सुलक्षणाने कार्ड काढलं आणि वाचलं. मग मान वर करून तिने नागसेनरावांकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसतीच पाहत राहिली, आणि मग कार्डाकडे नजर वळवून स्वच्छ आवाजात म्हणाली, "सॉक्रेटिस. प्राचीन पद्धतीचं रंगकाम आणि डोळे : रतनबाई कुंभार, किकवी."

"व्हय," रतनबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या डोळ्याला लागल्या.

नागसेनराव उठून अंगणात, भट्टीपाशी गेले आणि त्यांनी मोबाईल काढला. इंद्रजितांनी लगेच उचलला.

"ते रंग मी दिलेले नाहीत," नागसेनराव म्हणाले. "किकवीच्या रतनबाई कुंभारांनी दिले. मी नाक लावायला दिलं होतं. रंग बघून त्यांनाच वाटेल तसं बोललो."

"म्हणजे तुम्हाला याची काही कल्पना नव्हती?"

"मला काहीच कळत नव्हतं, सर."

आपल्याला काही कळत नाही एवढंच आपल्याला कळतं, असं सॉक्रेटिस म्हणायचा, हे नागसेनराव तीस वर्षं लोकांना मिशीला पीळ देत सांगत आले होते. सांगायला सोपं होतं.

"बघतो," इंद्रजित म्हणाले, आणि फोन बंद झाला. सॉक्रेटिस प्रदर्शनात राहील की नाही, आपलं तिथे पुन्हा कुणी नाव काढेल की नाही, हे नागसेनरावांना त्यावरून कळलं नाही. बहुधा नाहीच काढणार, असं त्यांनी समजून घेतलं.

ते पडवीत आले. सुलक्षणाच्या हातातून त्यांनी कार्ड मागून घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या नावावर, गावासकट, एक सरळ रेघ ओढली. खाली कारकुनी वळणात, अक्षर न् अक्षर सुटं लिहिलं. मग शाई वाळू दिली आणि कार्ड परत तिच्या हातात दिलं.

"आता वाचा," ते म्हणाले.

सुलक्षणाने ते बराच वेळ बघितलं. या वेळी वाचताना तिचा आवाज थोडा हलला. "सॉक्रेटिस. प्राचीन पद्धतीचं रंगकाम आणि डोळे : रतनबाई कुंभार, किकवी."

रतनबाईंनी मुखवट्याच्या दुसऱ्या डोळ्याची शेवटची रेघ कानाकडे ओढली, कुंचला उचलला आणि श्वास सोडला.

"आरं, किती येळा त्येच त्येच वाचताय?" त्या म्हणाल्या. "पाठ झालं की मला."